भिलाईत पाहाले आहे काय?

...अन् वाघ झोपला होता! आता वाघ झोपला याच्यात माही काय चूक आहे, तुम्हीच सांगा. मी काय त्याले रात्रपाळीले पाठवलं होतं? पण नाई! इवाई जाळीसमोर उभे, हात मागे बांधलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अन् त्या पांढऱ्या पाठीकडे असे पाहून राहिले जसा त्या पाठीत मीच काही घोटाळा केला, अन् मंग माह्याकडे वळून, एकदम पुण्याच्या शुद्ध मराठीत, "भैयालालजी, पांढरा आहे हे दिसतंच आहे. पण वाघ आहे, हे आपण कशावरून म्हणता?"... कशावरून म्हणता! बाप्पा! बाहेर एवढा मोठा बोर्ड लावला आहे ना जी!

इवाई म्हणजे माह्या पोराचा सासरा. आमच्या भंडाऱ्याकडे इवाई म्हणतात, तुम्ही व्याही म्हणत असान, काई म्हणा, मान तेवढाच अन् ताप बी तेवढाच. अरुणकुमार नाव. पाटबंधारे खात्यात होते, आता रिटायर, पुण्याले राहतात. अन् मी भैयालाल. रेल मिलमध्ये जिंदगी गेली, रिटायर झालो, सेक्टर सातातला आपलाच क्वार्टर लीजवर घेतला, अन् त्याच्यात मी अन् माही बायको मनकर्णा, दोघंच. पोरगा मोहित पुण्याले. कम्प्युटरमध्ये काहीतरी करते. काय करते ते मी एकडाव विचारलं, त्यानं सांगितलं, मंग मी पुन्हा कधी विचारलं नाई.

तं झालं असं, का मोहितपुढे दोन नोकऱ्या उभ्या राहिल्या. एक रायपूरची, म्हणजे घरूनच जाणं-येणं, वाटेत कुम्हारीपाशी जाम लागला नाई तं वरण गरम आहे तोवर पोरगा घरी! अन् दुसरी जर्मनीची. जर्मनी! राजेहो, रूस असतं तं मी एक शब्द बोललो नसतो. आमचा कारखाना रूसच्या लोकाईनं उभा करून देला, रूस म्हणजे घरचंच. पण रुरकेलाचा कारखाना जर्मनीनं उभा करून देला, जर्मनी म्हणजे रुरकेलावाल्याईचं! आमच्या पोरानं रुरकेलावाल्याईच्या दारी जावं? मी फोनवर म्हणलं, बेटा, इकडे ये. तं तो म्हणते, "पापा, मैं तो आ जाऊँ, पर उत्कर्षा पूछ रही थी... मतलब, भिलाई में है क्या देखने को?"

उत्कर्षा म्हणजे सून. पोरगी चांगली आहे, मी खोटं नाई बोलत. तिची आई, विजयाबाई, वारली, तवापासून तिचा बाप पुण्यातच, पण आपल्या वेगळ्या घरी एकटा. उंच बिल्डिंग, लिफ्टनं खाली, लिफ्टनं वर, संपला दिवस. तं सून म्हणे, "पप्पा, रायपूर घेतलं तर बाबांनाही भिलाईला आणू, सगळे एकत्र राहू. पण बाबांना तिथे करमायला हवं ना! ते येऊन बघून जातील. त्यांना आवडलं नाही, ते पुण्यात एकटेच राहणार असतील, तर मग आम्हाला रायपूर काय आणि जर्मनी काय, सारखंच." म्हणजे पाहा! पोरगा घरी येईन का नाई, हे आता इवाईच्या हातात! पोरगी पाहाले पाहुणे येतात हे ऐकलं होतं, केलं बी होतं. पण गाव पाहाले पाहुणा येते? मनकर्णानं पडदे धुतले, मी गेटाले रंग मारला. गावाले काय हळद-कुंकू लावून उभं करता येते!

दुर्ग स्टेशनवर उतरले. मी पाया पडलो, त्याइनं उचललं, अन् बॅग खाली ठेवायच्या आधी पहिला प्रश्न, "तर भैयालालजी, भिलाईत पाहायला आहे काय?"

तुम्हाले सांगतो, सारी जिंदगी इथं काढली, मले हा प्रश्न कोणी केलाच नाई! भिलाईत माणूस पाहाले येतच नाई. नोकरीले येते, नाई तं सेक्टर नऊच्या दवाखान्यात दाखवाले येते. आमच्या इकडे घरोघरी गावाकडचं कोणी ना कोणी राहतेच. कोणाचा मामा गुडघा घेऊन आला, कोणाची मावशी मोतीबिंदू घेऊन आली. पाहाले म्हणून कोणी आलाच नाई आजवर! मी स्टेशनवरच सुरुवात केली. म्हणलं, "जी, तुम्ही ज्या रुळावरून आले ना, तसले रूळ आमच्या मिलचे. माह्या डोळ्यापुढून गेलेले." तं इवाई म्हणतात, "असं का! रात्रभर डबा हलत होता, ती तक्रार मग आपल्याकडेच करायची!" मी म्हणलं, डबा हलते जी, रूळ नाई हलत. पण पहिल्याच घासाले खडा लागला ना!

आता माही एक खोड सांगतो. ए शिफ्ट. जिंदगीभर सकाळची पाळी केली ती अंगातून जात नाई. कोंबडा उठायच्या आधी मी बूट घालून तयार. तं दुसऱ्या दिवशी अंधारातच इवाईले उठवलं, चला म्हणलं, मैत्री बागेत, पांढरा वाघ पाहाले! गेलो. गेट बंद. गेट उघडेपर्यंत बाहेर उभं राहून चहा घेतला, मंग अजून एक घेतला. इवाई मफलर गुंडाळून विचारतात, "पाहायचं हेच का?" गेट म्हणतात, गेटाले! उघडलं तं वाघ... ते सांगितलंच. म्हणलं चला, रंगीत फवारा आहे, गाण्यावर नाचते. तिथचा माळी म्हणते, "कका, वो तो संझा के चलथे." संध्याकाळी! मले काय माहीत? मी संध्याकाळी कधी आलोच नाई, संध्याकाळी मी जेवून झोपतो!

मंग म्हणलं, नाव. तळ्यात पायडलवाली नाव राहते, हंसाच्या तोंडाची. दोघं बसलो. आता नावेचं असं आहे, दोघाईनं सारखं पायडल माराले लागते. माहा पाय मिलचा, इवाईचा पाय ऑफिसचा. मी मारतो, ते थांबतात, मी थांबतो, ते मारतात, अन् हंस आपला तळ्याच्या मधात गोल, गोल, गोल! किनाऱ्यावर शाळेची पोरं टाळ्या वाजवून राहिली. इवाई शांत. म्हणतात, "भैयालालजी, आपण कुठे चाललो आहोत?" मी म्हणलं, फिरून राहिलो जी. फिरणं खोटं नव्हतं!

घरी आलो तं मनकर्णा दारात. "काय पाहिलं जी इवाईनं?" म्हणलं, गेट पाहिलं, पाठ पाहिली, पाणी पाहिलं. तिनं डोक्याले हात लावला. "अजी, तुमच्या भरवशावर राहिलं ना, तं पोरगं जर्मनीत म्हातारं होईन!" अन् आत जाऊन वरणात तूप जास्त टाकलं. तिचा हिशोब साधा आहे, गावाले जे जमत नाई ते तूप करते.

तिसऱ्या दिवशी म्हणलं आता माही खरी चीज दाखवतो. कारखाना! आत न्याले पास लागते, तो आता माह्यापाशी नाई, तं मुर्गा चौकात उभं केलं अन् बाहेरूनच सांगाले लागलो. ती कोक ओव्हन, ती ब्लास्ट फर्नेस, ती तिकडे दूर, झाडाच्या वर नाई का दिसत, ती माही मिल... अन् इवाई हात मागे बांधून, "म्हणजे आपण मला धूर दाखवायला आणलंत." धूर! मले लागलं ते. म्हणलं, "धूर नाई जी, पांढरी आहे ना ती वाफ आहे, कोक विझवतात तवा निघते." तं म्हणतात, "बरं. वाफ. पाहिली." संपलं! तीन पिढ्या ज्या वाफेवर जेवल्या ती यानं एका शब्दात पाहून टाकली!

तरी मी हरलो नाई. म्हणलं हा माणूस पाटबंधाऱ्याचा, याले धरण दाखवू. गाडी केली, बालोदले तांदुळा धरणावर नेलं. अन् काय सांगू, तिथं माणूस एकदम बदलला! चष्मा पुसला, धरणाच्या पाळीवर सरसर चढला, "वा! काय काम आहे! भैयालालजी, सांडवा कोणत्या बाजूला? मातीचं काम कुठून आणलं असेल? कालवा किती गावांना जातो?" एकापाठी एक, एकापाठी एक! अन् मी?... आता मले काय माहीत हो! मी त्या धरणावर पोरगं कडेवर होतं तवापासून जाऊन राहिलो, पण मले तिथं मटणाची चूल कोणत्या झाडाखाली मांडतात तेवढंच माहीत! हवा कुठून येते, विस्तव कुठं टिकते, ते विचारा, सांगतो! तं इवाईनं माह्याकडे असं पाहिलं... रागानं नाई, कीव केल्यासारखं. गाडीत बसले, डोळे मिटले, अन् हळूच म्हणाले, "एकूण, पाहायला तसं फार काही नाही."

राजेहो, त्या रात्री मी जेवलो नाई. मनकर्णा बी जेवली नाई, पण ती मले बोलून पोट भरलं म्हणून जेवली नाई. इकडे आमची तयारी पाहा! समोरची खोली मोहितची, मागची इवाईची, नातू झाला तं त्याचा पाळणा कुठं टांगाचा याच्यावर आमचं आधीच भांडण होऊन गेलेलं. बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी! अन् आता हा माणूस परवा गाडीत बसन, पोरीले सांगन नाई म्हणून, अन् पोरगं माहं जाईन रुरकेलावाल्याईकडे.

सकाळी उठलो तं इवाई खाटेवर नाई!

मले वाटलं फिराले गेले असतील. माहंच स्वेटर घालून गेले होते. येतील. ऊन चढलं, आले नाई. फोन खाटेवरच. मी तीनदा फाटकापर्यंत जाऊन आलो. अन् नेमका तवाच सुनेचा व्हिडिओ कॉल! "आई, बाबा कुठेयत?" मनकर्णा जन्मात खोटं बोलली नाई, म्हणून तिले जमते बी नाई. म्हणे, "अंघोळीले बसले." थोड्या वेळानं पुन्हा कॉल. "अजून अंघोळच?" तं ही म्हणते, "आमच्याकडे पाणी लय छान येते ना बाई!" घ्या! भिलाईत पाहाले आहे काय? तं पाणी!

मी सायकल काढली. गुपचुपवाला म्हणजे पाणीपुरीवाला, दूधवाला, मंदिरासमोरचे म्हातारे, सगळ्याईले विचारलं. चश्मा है, भूरा स्वेटर है, हाथ पीछे बाँध के चलते हैं. तं दूधवाला म्हणते, "अंकल, ये तो आप अपना ही हुलिया बता रहे हो." खरंच होतं ते. सेक्टरात रिटायर माणूस म्हणजे हाच हुलिया!

अन् मंग सायकलवर बसल्या बसल्या मी करकचून ब्रेक मारला. कावून, का आदल्या रात्री मीच इवाईले खूण सांगून ठेवली होती, फिराले गेले तं हरवू नका, आपला क्वार्टर लक्षात ठेवा, पिवळी भिंत, निळं दार, समोर मुनग्याचं, म्हणजे तुमच्या शेवग्याचं, झाड. आता तुम्ही भिलाई पाहिली नसन तं सांगतो, सेक्टरातले क्वार्टर सगळे एका साच्यातून निघालेले. पिवळी भिंत, निळं दार, मुनग्याचं झाड, ही माह्या घराची खूण नाई, ही अर्ध्या सेक्टरची खूण आहे! मनकर्णा नवी नवरी होती तवा भाजी घेऊन बाजूच्या स्ट्रीटमधल्या घरात शिरली, अन् त्याइच्या चुलीवरचं दूध उतू जाते म्हणून उतरवून बी ठेवलं, मंग कळलं का भांडं आपलं नाई.

गेलो बाजूच्या स्ट्रीटमध्ये. त्याच्या बाजूच्या. तिथं, पिवळी भिंत, निळं दार, मुनगा, अन् व्हरांड्यात खुर्चीवर इवाई! मांडीवर सूप, सुपात वटाण्याच्या शेंगा, मजेत सोलून राहिले, अन् एक दाणा सुपात, एक तोंडात. आतून एक बाई, कमलिनी नाव, ओडिशाकडची, तव्यावरून गरम चीला, म्हणजे धिरडं, काढून आणते अन् म्हणते, "अंकलजी, चटनी और दूँ?" मी दारात उभा, धापा टाकून राहिलो, बोलणार तेवढ्यात तिनं मले पाहिलं अन् म्हणे, "आप भी बैठिए ना अंकल, गरम है." अन् प्लेट! मी कोण, कुठचा, कावून आलो, काई नाई! अन् मी बी... खोटं नाई बोलत, मी बी बसलो. रात्रीचा उपाशी होतो.

तेवढ्यात तिचा नवरा रोशन आतून आला, रात्रपाळी करून झोपला होता, डोळे चोळून राहिला. कमलिनी त्याले म्हणते, "उठ गए? तुम्हारे चाचाजी को मैंने खिला दिया है, दवाखाने का नंबर कब का है इनका?" तो म्हणते, "मेरे चाचा? मैं तो समझा तुम्हारे मामा हैं! सुबह पैर छू के सो गया था मैं." दोघं एकमेकाईकडे पाहून राहिले. मंग दोघं मिळून माह्याकडे पाहून राहिले. मी घास गिळून म्हणलं, "ये मेरे समधी हैं." तं कमलिनी म्हणते काय, "अच्छा! तो आप भी एक और लीजिए."

बाहेर आलो. मी म्हणलं, "जी, तुम्हाले कळलं नाई का, घर दुसऱ्याचं आहे?" तं इवाई म्हणतात, "कळलं ना. आपल्याकडे जिथे टीव्ही आहे तिथे त्यांच्याकडे जगन्नाथ आहेत. लगेच कळलं." "मंग उठले कावून नाई?" "चीला तव्यावर होता हो!" अन् थोडं चालून मुनग्याखाली थांबले. म्हणाले, "भैयालालजी, पुण्यात माझ्या समोरच्या दारात कोण राहतं, मला माहीत नाही. त्यालाही माझं नाव माहीत नाही. विजया गेली तेव्हा त्यानं लिफ्टमध्ये विचारलं होतं, गर्दी कसली म्हणून. आणि इथे अर्धी सकाळ मी लोकांच्या घरात बसलो, तर नाव कोणी विचारलंच नाही. फक्त चटणी हवी का विचारलं." चष्मा काढला, पुसला. मी दुसरीकडे पाहिलं. माहेही डोळे भरले होते, कावून लपवू, त्याच्यात थोडा भाग आनंदाचा बी होता. मनात म्हणलं, जमलं भैयालाल! पोरगं येते घरी!

अन् इवाईनं खरंच घरी येऊन फोन लावला. "उत्कर्षा, मला भिलाई पसंत आहे. मी इथेच राहणार." मनकर्णानं देवापुढे साखर ठेवली. मी मागची खोली रिकामी कराले घेतली. परतीचं तिकीट इवाईनं कॅन्सल केलं, अन् दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मुद्दाम वाट चुकाले निघाले! आज या स्ट्रीटमध्ये इडली, उद्या त्या स्ट्रीटमध्ये लिट्टी, परवा कोणाच्या घरी फरा. मी म्हणलं, होऊ दे. पोरगं येऊन राहिलं ना!

अन् मंग मोहितचा फोन आला.

"पापा, थँक यू! आप लोगों ने तो सब सॉल्व कर दिया." मी म्हणलं, कधी येता? तं म्हणते, "अरे नहीं पापा, सुनो ना..." अन् फोन सुनेनं घेतला. अन् रडून राहिली हो ती, आनंदानं रडून राहिली! "पप्पा, मला बाबांचीच काळजी होती. आणि तुमचीही, दोघंच असता म्हणून. आता बाबा तिथे रमलेत, तुम्ही तिघं एकमेकांना आहात. आता आम्ही अगदी निश्चिंत मनाने जर्मनीला जाऊ शकतो!"

निश्चिंत मनानं!

आता बोला! आंधळा मागते एक डोळा, देव देते दोन, असं म्हणतात. मले देवानं चष्मा देला. अन् मी तिले काय म्हणणार होतो? बापाची काळजी मिटली म्हणून रडणाऱ्या पोरीले म्हणू का, मले तुझा बाप नको, माहं पोरगं पाहिजे? म्हणलं, "जा बेटा. सुखानं जा. थंडीचे कपडे घेऊन घ्या." अन् मनकर्णा देवापुढची साखर पाहत बसली, परत घ्यावी का ठेवावी.

गेले पोरं. इवाई आता जवळच हुडको कॉलनीत भाड्याच्या घरात राहतात. म्हणे, "इवायाच्या घरी किती दिवस राहायचं, बरं दिसत नाही." इवाई म्हणतात आता, व्याही नाई! अन् माहीच खोड त्याइले लागली. अंधारात फाटक वाजवतात, "भैयालालजी, चला!" मीच आता झोपेतून उठून म्हणतो, जी, कुठं चालायचं, पाहाले आहे काय? तं मले भिलाई दाखवतात! मले! तांदुळाचा सांडवा कुठं आहे ते दाखवून आणलं. संध्याकाळचा फवारा दाखवला. नाव बी आता सरळ चालते, दोघाईचे पाय जमले. कमलिनीच्या घरी वटाण्याच्या शेंगा नेऊन देतात, अन् दवाखान्यात कोणाचा काका आला तं त्याच्यासंग रांगेत बसतात, त्याचं नाव न विचारता.

रविवारी मैत्री बागेत बाकावर बसलो होतो, तं जर्मनीहून व्हिडिओ आला. मागं बर्फ, मोठं घड्याळ, नदीवर पूल, अन् पोरगं माहं टोपी घालून, दात दाखवून राहिलं. "पापा, देखो! कब आ रहे हो? यहाँ देखने को इतना कुछ है!" मी पाहिलं. घड्याळ पाहिलं, पूल पाहिला. म्हणलं, "बेटा, तुम्ही दोघं सोडले तं जर्मनीत पाहाले आहे काय?"

तो हसला. मी बी हसलो. मंग त्याच्या तिकडचं नेट गेलं का इकडचं, तो तोंड उघडलेलाच अटकून गेला, अन् मी बराच वेळ तेवढंच तोंड पाहत बसलो. इवाई बाजूले होते, त्याइनं पाहिलं. मंग हळूच माह्या हातातून फोन घेतला, बंद केला, माह्याच खिशात ठेवला अन् म्हणाले, "चला इवाई, वाघ उठला असेल."

गेलो. तोवर काय उठणार आहे तो!... झोपलाच होता.